मुक्या पट्ट्यांचा हिशोब

दिवाळी उलटून महिना झाला असेल. नांदेडचे बिऱ्हाड आवरून आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारी भावंडे अक्का म्हणतो, उदगीरला आमच्याकडे कायमची राहावयास आली. दोन ट्रंका, थोडी पितळी भांडी, पोथ्यांचे गाठोडे आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू, एवढाच तिचा संसार टेम्पोतून उतरला. त्या लांबट वस्तूकडे बोट दाखवून आमच्या सौभाग्यवतीने विचारले, "अक्का, हे कुठं ठेवायचं?"

"माळ्यावर टाका," अक्का म्हणाली. "आता वाजवणं होत नाही. बोटांत जोर राहिला नाही."

चादरीत होता तो १९९४ साली हैदराबादहून आणलेला जपानी बनावटीचा कीबोर्ड. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर अक्काने घरी हार्मोनियमच्या शिकवण्या घेऊन दोन मुलांना वाढविले, शिकविले. त्या शिकवणीच्या पैशांतून तिने स्वतःसाठी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. रात्रभराच्या बसप्रवासात मीच तो मांडीवर धरून आणला होता. पुढे पंचवीस वर्षे त्यावर किती मुलांचे सारेगम गिरवून झाले, याची गणती तिच्याकडेही नाही. सायंकाळी घरात स्तवने होत, लग्नघरी मंगलाष्टके होत. अक्काचा कीबोर्ड सर्वत्र असे. तीन वर्षांपूर्वी तिने वाजविणे थांबविले. सांधे दुखतात, वय झाले, असे आम्ही सर्वांनीच धरून चालले.

कीबोर्ड माळ्यावर ठेवण्यापूर्वी एकदा चालू करून पाहावा, म्हणून मी तो दुपारी बाहेर काढला. दिवा लागला. 'डेमो' असे लिहिलेले बटण दाबताच त्याच्या पोटातील ठरावीक धून खणखणीत वाजू लागली. मग मी एका बोटाने सारेगम वाजवू लागलो. सा वाजला, रे वाजला. ग वाजला नाही. पुन्हा दाबला, जोराने दाबला, तरी नाही.

आतल्या खोलीतून अक्का म्हणाली, "तुझ्याही बोटानं वाजत नाही का रे?"

त्या एका प्रश्नाने मी चपापलो. मग तिने सांगितले, "आधी जरा जोरानं दाबलं की वाजायचा. पुढं पुढं जोरानं दाबूनही वाजेना. मला वाटलं, बोटंच गेली."

तीन वर्षे तिने हे कोणाला सांगितले नव्हते. वय झालेल्या माणसाला दोष आधी स्वतःतच दिसतो. यंत्राकडे संशयाने पाहावे, हे तिच्या मनातही आले नव्हते. त्या दिवशी मी ठरविले, की या पट्ट्या का मुक्या झाल्या, याचा छडा लावावयाचा. दुरुस्ती साधली तर उत्तमच. न साधली तरी दोष कोणाचा, एवढे तरी कळावे.

आधी टाचण, मग पेचकस

बँकेच्या नोकरीत जी एक सवय हाडीमासी खिळली ती अशी, की तेरीज जुळत नसेल तर प्रथम वह्या उपसू नयेत. प्रथम फरकाची रक्कम कागदावर लिहावी आणि तिच्याकडे पाहावे. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर कोठेतरी ४५ च्या जागी ५४ असे अंक उलटे पडले असण्याचा संभव फार. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे काय, हे पाहावे. चूक स्वतःच आपला माग सांगत असते.

तेच येथे केले. कीबोर्डाला ४९ पट्ट्या, म्हणजे चार सप्तके व वरचा एक षड्ज. डावीकडून प्रत्येक पट्टीला क्रमांक दिला आणि एकेक दाबून कागदावर बरोबरची किंवा फुलीची खूण केली. फुल्या आठ आल्या: ५, १३, २१, २९, ३२, ३४, ३७ आणि ४५. यांपैकी ३२ व ३४ या पट्ट्या दहा वेळा दाबल्यास एकदोनदा वाजत. उरलेल्या सहा पूर्ण मुक्या.

आता त्या सहा आकड्यांकडे पाहा: ५, १३, २१, २९, ३७, ४५. प्रत्येक दोहोंत अंतर नेमके आठ. धुळीने किंवा वापराने पट्ट्या बिघडल्या असत्या, तर त्या अशा शिस्तीने बिघडल्या नसत्या. म्हणजे या सहांचा रोग एकच, आणि ३२ व ३४ यांचा रोग निराळा. कीबोर्डाचा एकही स्क्रू न उघडता एवढा निर्णय कागदावर झाला.

हे टाचण पाहून अक्काने जे सांगितले, त्याने तर माझी खात्रीच पटली. पहिली पांढरी, म्हणजे २५ क्रमांकाची पट्टी षड्ज धरली, तर २९ हा शुद्ध गंधार आणि ३७ हा तार षड्ज, दोन्ही अडत. म्हणून ती आपली पट्टी बदलून काळी एकवर गेली. तेथे ३७ क्रमांकावर शुद्ध निषाद येई, तो अडला. मग काळी दोनवर गेली. तेथे शुद्ध धैवत अडला. जेथे जावे तेथे एक तरी सूर आडवा येई. शेवटी तिने झाकणच लावले.

सूर नेमका कोठे अडतो?

हार्मोनियममध्ये पट्टी दाबली की झडप उघडते, भात्यातील हवा पितळी सुरावरून जाते आणि तो कंप पावतो. हे सूर घडविण्याच्या कामासाठी सौराष्ट्रातील पालिताणा प्रसिद्ध आहे. शत्रुंजयाच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पालिताणा ठाऊक असते. आपल्या घरच्या पेटीतील सूरही बहुधा तेथलेच असतात, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. पेटीचा सूर मुका झाला, तर पुष्कळदा त्या पितळी जिभेखाली धुळीचा कण किंवा धागा अडकलेला असतो. तो अलगद निघाला, की सूर बोलतो.

कीबोर्डात पट्टीपाशी सूर नसतोच. पट्टी हे केवळ एक बटण. सूर निर्माण होतो तो आतल्या चिपमध्ये. डेमोची धून व्यवस्थित वाजते, याचा अर्थ चिप, ध्वनिवर्धक आणि स्पीकर ठणठणीत आहेत. खंड पडला आहे तो बोट आणि चिप यांच्या दरम्यान. आणखी एक पडताळा घेता येतो. ज्या कीबोर्डावर पट्टी वर-खाली करण्याची सोय असते, त्यावर ती एक स्वर चढवून पाहावी. मुक्या पट्टीचा सूर आता शेजारच्या पट्टीवर वाजला आणि मुकी पट्टी मुकीच राहिली, तर सूर शाबूत आहे, बटण गेले आहे.

आता आठाच्या अंतराचे रहस्य. ४९ पट्ट्यांपासून चिपपर्यंत ४९ निराळ्या तारा नेणे खर्चाचे व गुंतागुंतीचे. म्हणून कारखानदार पट्ट्यांची ओळी-स्तंभांची मांडणी करतो, हिशोबाच्या तक्त्यासारखी. आठ-आठ पट्ट्यांचे गट पाडले, की ४९ पट्ट्यांचे सात गट होतात. प्रत्येक गटाची एक तार, अशा सात तारा. आणि गटातील पहिली, दुसरी, तिसरी अशा स्थानांच्या आठ तारा. एकूण पंधरा तारांत काम भागते. चिप सेकंदाला शेकडो वेळा एकेका गटाला हाक मारते आणि कोणत्या स्थानावरून ओ येते, ते पाहते. एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबल्या असता भलताच सूर वाजू नये, म्हणून प्रत्येक पट्टीजवळ डायोड नावाचा छोटासा एकमार्गी दरवाजा असतो.

यावरून निदान सोपे होते. शेजारच्या सलग पट्ट्यांचा एक गटच्या गट मुका झाला, तर गटाची तार तुटली. ठरावीक अंतराने एकेक पट्टी मुकी झाली, तर स्थानाची तार तुटली. सुटी एखादी पट्टी मुकी झाली, तर तिच्या बटणाखाली घाण किंवा झीज. आमच्याकडे प्रत्येक गटातील पाचवी पट्टी गेली होती; म्हणजे पाचव्या स्थानाची तार. गटाची संख्या सर्व कीबोर्डांत आठच असते असे नाही; काहींत ती सहाही असते. तत्त्व तेच.

उघडण्यापूर्वीची पथ्ये

ज्यांना हे काम करून पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी थोडी पथ्ये अनुभवाने सांगतो.

पहिले पथ्य: अडॅप्टर काढावा, सेल काढावेत आणि मगच पेचकस हाती घ्यावा. ज्या वाद्यात घरातील विजेची तार थेट आत जाते, ते आपण उघडूच नये. ते जाणकाराकडे न्यावे. अडॅप्टर हरवला म्हणून दुसरा लावताना तर विशेष जपावे. अनेक जुन्या जपानी कीबोर्डांत पिनेचा आतला भाग ऋण व बाहेरचा धन असतो. आजच्या पुष्कळशा अडॅप्टरांत ते नेमके उलट असते. वाद्याच्या पाठीवर छापलेली खूण आणि व्होल्टचा आकडा जुळल्याशिवाय काहीही जोडू नये. एका क्षणाच्या घाईत चांगली चिप जळते.

दुसरे पथ्य: टेबलावर जाड चादर अंथरून कीबोर्ड पालथा घालावा आणि प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर वरचे प्लॅस्टिक फुटते. आमच्या घरी यासाठी इडलीपात्र कामी आले. एकेका खळग्यात एकेका बाजूचे स्क्रू ठेवले.

तिसरे पथ्य: दोन भाग वेगळे करताना मध्ये पातळ चपट्या तारांची रिबन असते. झाकण एकदम ओढले, तर ती तुटते आणि नवे दुखणे उभे राहते. वीतभर उचलावे, आत पाहावे, मग पुढे जावे.

कार्बनची टिकली

आत पाहिल्यावर पट्ट्यांखाली मऊ सिलिकॉन रबराच्या लांब फिती दिसल्या. प्रत्येक पट्टीखाली रबराचा एक फुगीर घुमट आणि घुमटाच्या पोटात काळी कार्बनची टिकली. तिच्या बरोबर खाली सर्किट बोर्डावर फणीच्या दातांप्रमाणे एकमेकांत गुंतलेल्या, पण एकमेकांना न शिवणाऱ्या काळ्या रेषा. पट्टी दाबली, की टिकली त्या रेषांवर टेकते आणि मार्ग पुरा होतो. हलके-जोरात वाजविल्याचा फरक ओळखणाऱ्या कीबोर्डांत एकेका पट्टीखाली दोन टिकल्या असतात. पहिली व दुसरी टेकण्यातील वेळेवरून जोर मोजला जातो. अक्काचा कीबोर्ड साधा, एका टिकलीचा.

ती टिकली पाहताच मला बँकेतील गणकयंत्र आठवले. तीस वर्षे ज्या बटणांवर व्याजाचे हिशोब केले, त्यांच्या खालीही हीच योजना. टीव्हीच्या रिमोटमध्येही हीच. गणकयंत्र आणि कीबोर्ड यांचे नाते योगायोगाचे नाही. जपानमधील काशिओ बंधूंनी १९५७ साली कॅसिओ कंपनी स्थापिली ती गणकयंत्रे करण्यासाठी. त्याच कंपनीने १९८० साली 'कॅसिओटोन २०१' हा आपला पहिला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बाजारात आणला. पुढे 'व्हीएल-१' या छोट्या वाद्यात तर गणकयंत्र आणि वाद्य एकाच डबीत होते. आकडे मोजणारी चिप सूरही घडवू लागली आणि वाद्य मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. आपल्याकडे तर 'कॅसिओ' हा शब्द कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डासाठी सर्रास वापरला जाऊ लागला.

मराठवाड्यातील उन्हाळ्याची धूळ कोणत्याही झाकणाला जुमानत नाही. ३२ व ३४ या पट्ट्यांखाली धुळीचा आणि कसल्याशा चिकट द्रवाचा थर होता. शिकवणीला येणाऱ्या एखाद्या बालगायकाचे सरबत सांडले असावे, असा अक्काचा कयास. फीत अलगद उचलली. बोर्डावरील फणीच्या रेषा ९९ टक्के शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने, भार न देता पुसल्या. खिडक्या उघड्या ठेवल्या, देवघरातील दिवा आधी मालवला. हे द्रव्य झटकन पेट घेते. रबरी फीत कोमट साबणपाण्यात धुऊन, सावलीत रात्रभर वाळवली.

येथे दोन चुका सहज होतात. कोरोनाकाळात उरलेले सॅनिटायझर वापरण्याचा मोह होतो. परंतु त्यात पाणी असते आणि त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरॉलही असते, ते चिकट थर मागे ठेवते. दुसरी चूक म्हणजे टिकली पॉलिश पेपरने घासणे. कार्बनचा थर पातळ असतो. तो एकदा गेला, की परत येत नाही. रॉकेल, पेट्रोल, गंजावर मारावयाचे फवारे तर रबराजवळ आणूच नयेत.

दुसऱ्या दिवशी फीत बसविली. फितीच्या खालची रबरी टोके बोर्डाच्या छिद्रांत एकूणएक बसली पाहिजेत. एखादे जरी वर राहिले तरी घुमट तिरका होतो आणि पट्टी अडखळते. ३४ बोलू लागली. ३२ मात्र दहापैकी सहा वेळाच वाजे. भिंगातून पाहिले, तर तिच्या टिकलीचा मध्य झिजून चकचकीत झाला होता. पांढरी एकचा तो पंचम. पंचवीस वर्षांत सर्वाधिक दाबला गेलेल्या सुरांपैकी एक.

नवी फीत मिळणार कोठून? अशा वेळी काही कारागीर मऊ शिसपेन्सिलीचे ग्रॅफाइट टिकलीवर चोळतात. त्याने काम होते, पण ते फार दिवस टिकत नाही. आम्ही दुसरा मार्ग धरला. बारा-बारा पट्ट्यांच्या फिती एकाच साच्याच्या होत्या. सर्वांत डावीकडचे खर्जाचे सप्तक अक्काने क्वचितच वाजविले असेल. त्याच्या टिकल्या अगदी नव्यासारख्या. ती फीत मधल्या सप्तकाला दिली आणि मधली झिजकी फीत खर्जाला. ३२ खणखणीत वाजली. तिचा अशक्तपणा आता ८ क्रमांकाकडे, खर्जातील पंचमाकडे गेला. बँकेच्या भाषेत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाला. पण जेथे त्याचा त्रास नाही तेथे.

पाचवी वाट

उरल्या सहा पट्ट्या. बोर्डावरील पंधरा रेषांपैकी पाचव्या स्थानाची रेषा बोटाने माग काढीत गेलो, तर ती सेलच्या कप्प्याजवळून वळत होती आणि तेथे तांब्यावर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती. कारण लगेच ध्यानात आले. २००५ च्या सुमारास आणि त्यापुढची काही वर्षे आपल्या भागात रोज कित्येक तास भारनियमन असे. शिकवणी बंद पडू नये म्हणून अक्का कीबोर्डात जाडे सेल घालून ठेवी. पुढे भारनियमन संपले, सेल आतच विसरले गेले. जुने सेल पाझरतात. तो स्राव तांबे खातो.

तिची गोष्टही येथे जुळली. रेषा एकदम तुटली नव्हती, हळूहळू खाल्ली जात होती. मार्ग अरुंद होत गेला, तशी पट्टी जोराने दाबावी लागू लागली; टिकली घट्ट टेकली, तरच चिपला ओ ऐकू जाई. शेवटी रेषा तुटली आणि कितीही जोर लावला तरी काही उपयोग होईना. अक्काने जे बोटांचे दुबळेपण मानले, ते केसाहून बारीक तांब्याच्या रेषेचे दुबळेपण होते.

पूड साफ करण्याची रीत सेलच्या जातीवर अवलंबून असते. साध्या झिंक-कार्बन सेलचा स्राव आम्लधर्मी, म्हणून खाण्याच्या सोड्याचा किंचित ओला लेप; अल्कलाइन सेलचा स्राव अल्कधर्मी, म्हणून पातळ व्हिनेगरची ओली काडी. मागाहून स्वच्छ पाण्याची काडी, मग अल्कोहोलची, आणि पूर्ण वाळेपर्यंत थांबणे. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत.

मल्टिमीटरची एक सुई रेषेच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला लावली. अखंड रेषेला येणारी शिटी आली नाही. शेजारच्या चौथ्या रेषेला आली. दुरुस्त जागेशी नादुरुस्त जागेची तुलना करणे, ही या कामातील सर्वांत भरवशाची तपासणी.

डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम माझ्या थरथरत्या हाताचे नव्हे, हे मी ओळखून होतो. बसस्थानकाकडच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बोर्ड घेऊन गेलो. तरुण दुकानदार प्रथम म्हणाला, "काका, कॅसिओचं काम मी करत नाही. नवा घ्या ना." मी टाचण पुढे केले, रेषेची दोन टोके दाखविली आणि म्हणालो, "कॅसिओ नको करू. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत एक तार जोडून दे." तो हसला. मोबाइलच्या याहून कितीतरी बारीक जोडण्या तो रोज करतो. दहा मिनिटांत केसासारखी तार दोन्ही बाजूंना चिकटली, मल्टिमीटर शिटी देऊ लागला. त्याला विद्या येत होती. फक्त कोठे हात घालावयाचा, हे कोणीतरी सांगावयास हवे होते.

जुने वाद्य आणि आपण

मुंबईतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवून 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. त्या वेळी तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती परदेशातून पुन्हा प्रकाशित झाली आणि उतारवयात त्यांचे नाव जगभर पोहोचले. जे आज अडगळीत आहे, ते निरुपयोगीच असते, असे नाही.

अडगळीचा दुसरा शेवट आपण नित्य पाहतो. उदगीरच्या गल्लीतून भंगारवाल्याची हाक येते, वजनावर सौदा होतो, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि उरलेले प्लॅस्टिक नाल्यात जाते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशात लागू झाले आहेत. ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून घेता यावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' नावाचे संकेतस्थळही सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु तीस वर्षांपूर्वीच्या वाद्याची फीत कोणत्याही संकेतस्थळावरून घरपोच येत नाही. तेथे घरातील कोणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते आणि गावातील एखाद्या हुशार हाताला योग्य जागा दाखवून द्यावी लागते.

सर्वच मुक्या पट्ट्या बोलत्या होतात, असा माझा दावा नाही. चिप गेली असेल, बोर्ड मधोमध तडकला असेल, तर हात जोडावेत. पण तपासण्यास एक कागद आणि एक दुपार लागते. तेवढे तरी वाद्याला द्यावे.

रविवारी सकाळी मी कीबोर्डाचे स्क्रू परत पिळले आणि अक्काला हाक मारली. तिने खुर्ची ओढून घेतली. पांढरी एकपासून सारेगम सुरू केला. गंधारावर बोट क्षणभर थांबले, मग टेकले. सूर आला. ती पुढे गेली नाही. तीच पट्टी हळू, अगदी हळू, पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिली. जोर लावावा लागत नव्हता.

"म्हणजे तेव्हा बोटं ठीकच होती," ती म्हणाली.

सांधे तिचे दुखतात, हेही खरे. पूर्वीसारखी द्रुत लय तिला आता साधत नाही. तीन वर्षे हात बसला नाही, त्याची भरपाई कोणत्याही तारेने होणार नाही. मात्र रोज सायंकाळी अर्धा तास ती वाजविते. गल्लीतील दोन मुली शिकावयास येऊ लागल्या आहेत. खर्जातील तो आठ क्रमांकाचा पंचम अजूनही अधूनमधून मुका राहतो. पेन्सिल घेऊन मी तो नीट करावयास निघालो, तर अक्का म्हणाली, "राहू दे. तो यंत्राचा दोष आहे, हे आता ठाऊक आहे ना."

वाचकहो, आपल्या माळ्यावरही असे एखादे वाद्य चादरीत गुंडाळलेले असेल. उघडण्याआधी त्यातील सेल तेवढे आजच काढून ठेवा. आणि ज्यांनी ते वाजविले, त्यांनी का थांबविले, हे एकदा विचारून पाहा.